पडल्यावर फोनला हाक मारली, तर म्हणतो आधी अनलॉक करा

फळा-खडू

नमस्कार मंडळी. मी वाईची, वय ७१. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवून निवृत्त. मुलगा-सून पुण्यात, मुलगी जर्मनीत, घरात मी एकटी. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करतेय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला. एरवी मी कुणाचं घालत नाही.

झालं असं. आमचं घर जुनं, न्हाणीघर परसात. मागच्या दाराला तीन दगडी पायऱ्या. श्रावणात त्यांच्यावर शेवाळं धरतं, म्हणून दरवर्षी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासते. यंदा आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलं. मंगळवारी सकाळी सव्वासहाला बंब पेटवायला निघाले आणि दुसऱ्या पायरीवरून जी घसरले ती थेट खाली. मनगट अंगाखाली आलं. कट् असा आवाज झाला तो मीच ऐकला. कमरेत अशी कळ की बसतं होता येईना.

फोन स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर चार्जिंगला. माझ्यापासून पंधरा फूट असेल. दार उघडं होतं, मला दिसत होता. नातवाने त्यात मराठीत बोलायची सोय करून दिली आहे. रोज सकाळी मी "ओके गुगल" म्हणून त्याला तिथी आणि पाऊस विचारते, तोही शहाण्यासारखा सांगतो. म्हणून हाक मारली. एकदा, दोनदा, चारदा. ओ नाही. पाचव्या हाकेला जागा झाला. म्हटलं, "मुलाला फोन लाव." तर म्हणतो, आधी फोन अनलॉक करा!

पंधरा फुटांवरून?

त्यावर माझ्या तोंडून जे निघालं ते चौतीस वर्षांत वर्गात कधी निघालं नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "मला ते समजलं नाही."

वीस मिनिटं कमी दीड तास भुरभुर पावसात पडून होते. साडेसातच्या सुमारास दूधवाल्याने बेल वाजवली, मी ओरडले, त्याने ऐकलं. पण पुढच्या दाराला आतून कडी आणि वर अडणा. बिचारा शेजारच्या घरातून जिना चढून, भिंतीवरून उडी टाकून परसात आला. मनगट मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. कमरेला नुसता मुका मार, तेवढं नशीब.

आता मुलगा म्हणतो पुण्याला चल. मी जाणार नाही, त्यावर इथे चर्चा नको. मला एवढंच सांगा की या फोनकडून असं काम खरोखर करून घेता येतं का? मराठीत? कुलूप न काढता? मुलाला लावावा, ११२ ला की १०८ ला? आणि नातू म्हणतो तो टेबलावर ठेवायचा बोलका डबा घेऊ का?

वायरमन पुणे

बाई, काळजी घ्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि माझी आई भोरला अशीच एकटी राहते, त्यामुळे हा अभ्यास घरचाच आहे.

कुलपाचं आधी. गुगल असिस्टंटला मराठी २०१८ पासून येतं. आता बऱ्याच फोनमध्ये त्याच्या जागी जेमिनाय आलंय, त्यालाही मराठी येतं. पण दोन्हीकडे लॉक स्क्रीनवर उत्तर द्यायचं की नाही आणि अनलॉक न करता कॉल लावायचा की नाही, याची बटणं सेटिंग्जमध्ये वेगळी असतात. तुमच्या नातवाने बोलणं चालू केलं, कॉलची परवानगी द्यायची राहिली. तिथी सांगायला कुलूप आड येत नाही, फोन लावायला येतं. जुन्यातून नव्यात बदल झाला की ही बटणं परत तपासायची, कारण नव्याची सेटिंग्ज निराळी.

दुसरं, बॅटरी सेव्हर. तो चालू असला की फोन "ओके गुगल" ऐकणंच बंद करतो. माझ्या आईचा फोन कायम बॅटरी सेव्हरवर असायचा, का तर वीज वाचते. तिला वाटायचं लाइटबिल कमी येतं.

तिसरं, आयफोनवाल्यांसाठी. सिरीला निव्वळ मराठी येत नाही. इंग्रजीत बोलावं लागतं, आयओएस १८ पासून त्यात मराठी मिसळलं तरी चालतं. शिवाय फोन पालथा पडला असेल तर ती ऐकत नाही, ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन "कायम ऐक" असं सांगून ठेवावं लागतं.

लॉकवरून आठवलं. २०१७ मध्ये लंडनच्या क्रॉयडन भागात एका चार वर्षांच्या पोराने बेशुद्ध आईचा अंगठा फोनवर टेकवून तो उघडला आणि सिरीकडून ९९९, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर, लावून घेतला. पोलिसांनी त्या कॉलचं रेकॉर्डिंग लोकांना ऐकवलं होतं. सगळे सिरीचं कौतुक करत होते, पण खरं डोकं त्या पोराने अंगठ्याला लावलं.

आणि आवाजाच्या भरवशावर एकट्याने राहू नका. १ जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटण सक्तीचं आहे. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा, साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, की ११२ ला जातो. अँड्रॉइड १२ पासून पुढे पाचदा दाबायची वेगळी सोयही आहे. त्याला भाषा लागत नाही, इंटरनेट लागत नाही. आवाजाच्या मदतनीसाला बहुतेक कामांत नेट लागतं, आणि पावसात वाईला नेटचं काय होतं ते तुम्हीच जाणे.

जास्वंद

बाई, मी सरळच बोलते. पॉवर बटण दाबायला फोन हातात पाहिजे ना? तो तांदळाच्या डब्यावर होता!! गळ्यात शिट्टी घाला. पीटीच्या सरांची असते ती. तीस रुपये, चार्जिंग नाही, अनलॉक नाही.

फळा-खडू

शिट्टी आजच मागवली. आमच्या शाळेत ती फक्त गुरुजींकडे असायची, बाईंना कधी मिळाली नाही.

वायरमन, तुमचं ते कॉलचं बटण सापडलं. खरंच बंद होतं.

रात्रपाळी

मी बीएएमएस. चार वर्षं १०८ च्या गाडीवर होतो, आता स्वतःचा दवाखाना आहे. तिकडच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण फोन लागला म्हणजे मदत आली असं लोक धरून चालतात.

माझ्या वेळी १०८ ची कंट्रोल रूम पुण्यात औंधला होती. सगळ्या महाराष्ट्राचे फोन तिथे. घाबरलेला माणूस म्हणतो, "गणपती आळीत या लवकर." गणपती आळ्या महाराष्ट्रात किती असतील? आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण, या क्रमाने सांगायचं. पाकिटावर पत्ता लिहितो त्याच्या बरोब्बर उलटं. बाई, तुम्ही पोरांना पत्रलेखन शिकवलं असेल, तेवढं मात्र इथे विसरायचं.

१०८ की ११२? हाड मोडलं, छातीत दुखतंय, बाळंतपण, अपघात, तर १०८. सरकारी आहे, फुकट आहे, आणि गाडीत डॉक्टर असतो. चोर, मारहाण, आग, किंवा काहीच सुचत नसेल तर ११२. तिथून पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, ज्याला कळवायचं त्याला कळवतात. दोन्हीकडे मराठीत बोलता येतं. प्रयोग म्हणून मात्र यातला कुठलाही नंबर लावून बघू नका, कृपा करा. प्रयोग मुलावर करा.

आता मला छळणारी गोष्ट. कडी. माझ्या चार वर्षांत दार तोडायला लागलं असे सात प्रसंग मला आठवतात. पेशंट आत, आम्ही बाहेर, ऑक्सिजन हातात, आणि शेजारी सुतार शोधतायत. एकदा तर आजोबा आतून आम्हाला सांगत होते, "डाव्या कोपऱ्यात लाथ मारा, तिथली फळी सडलीय." फोन करून मोकळ्या होऊ नका. दार उघडणार कोण, ते आधी ठरवा. तुमच्या त्या अडण्याचं काहीतरी करा.

पांढरी काठी

नाशिकहून. मला जन्मापासून दिसत नाही, बँकेत नोकरी आहे. फोन मी दिवसभर बोलून आणि ऐकूनच वापरतो. डोळसांची एक गंमत वाटते. त्यांच्या लेखी बोलून फोन लावणं ही संकटकाळची शेवटची वस्तू, काचेच्या पेटीतल्या अग्निशामकासारखी. रोज वापरत नाहीत आणि नेमकी घाबरल्यावर लांबलचक वाक्य बोलतात, "अरे जरा माझ्या मुलाला फोन लावून देतोस का." त्याला त्यातला मूल आणि मुळा वेगळा कळत नाही.

माझा अनुभव असा की नावं फार महत्त्वाची. तुमच्या फोनमध्ये मुलाचं नाव कसं ठेवलंय? बहुतेकांचं इंग्रजीत असतं, पुढे "न्यू" किंवा "जिओ". पाच नंबर एकाच नावाने असतील तर फोन उलट विचारतो, यातला कुठला? आणि गप्प बसतो. एका माणसाला एक नाव, एक नंबर, देवनागरीत, आणि तसं दुसरं नाव यादीत नको. माझ्या बायकोचं नाव यादीत चौघींचं होतं. आता ती "हेडऑफिस" आहे. मी "हेडऑफिसला कॉल कर" म्हटलं की बँकेतले लोक दचकतात.

दुसरं, फोन लागल्यावर स्पीकर चालू होतो का ते बघा. हे कुणी बघत नाही.

जास्वंद

हेडऑफिस 😂 आमच्याकडे सासूबाईंचं नाव असं ठेवलं तर घर सुटेल.

त्या बोलक्या डब्याबद्दल. आमच्याकडे अलेक्सा आहे. ११२ लावत नाही ती, मी विचारलं तिला. मराठी येत नाही, हिंदी-इंग्रजी. दुसऱ्या अलेक्साला किंवा मोबाइलमधल्या तिच्या ॲपला हाक जाते, म्हणजे मुलाने ते ॲप ठेवलं पाहिजे. वीज गेली की संपलं. पण एक मात्र आहे, फोनपेक्षा कान तिखट. मिक्सर चालू असताना ऐकते.

आणि २०२४ मधली ती उत्तर प्रदेशातल्या बस्तीची मुलगी आठवते ना? तेरा वर्षांची. घरात माकडं शिरली, जवळ तान्ही भाची. पोरीने अलेक्साला कुत्र्यासारखं भुंकायला सांगितलं आणि माकडं पळाली. आनंद महिंद्रांनी तिला पुढे नोकरी देऊ म्हणून जाहीर केलं होतं. मदतीला कुणाला बोलवायचं हे आपण नंबर पाठ करून ठरवतो, तिने सरळ कुत्रा बोलावला!

वायरमन पुणे

१०८ ची गोष्ट निघालीच आहे तर. २०१७ मध्ये अमेरिकेत पोरांनी एक खोड काढली होती, सिरीला "१०८" म्हणा आणि गंमत बघा. गंमत अशी की १०८ हा आपल्याकडचा आणीबाणीचा नंबर आहे हे सिरीला ठाऊक. ती तो ओळखायची आणि तिथल्या ९११ ला जोडायला निघायची. काही सेकंद उलटी मोजणी व्हायची, तेवढ्यात रद्द केलं नाही तर खरंच पोलीस फोनवर. तिथल्या पोलिसांना "असं करू नका" म्हणून सांगावं लागलं.

फळा-खडू

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. परीक्षा घेतली. निकाल सांगते.

परीक्षक शेजारच्या वहिनी. परसात पुन्हा आडवं व्हायला त्यांनी साफ नकार दिला, म्हणून पडवीत सतरंजी टाकून निजले. अंतर तेवढंच, पंधरा फूट. वहिनींनी पट्टीने नाही, पावलांनी मोजलं. मुलाला आधी कळवून ठेवलं होतं की दुपारी दोन ते तीन माझे फोन येतील, घाबरू नकोस, उचल आणि ठेव. पांढऱ्या काठीवाल्यांचं ऐकून त्याचं नाव बदललं. आधी खरंच इंग्रजीत होतं, शेवटी "न्यू". मी मोठ्या हौसेने "चिरंजीव" केलं.

स्वयंपाकघराचं दार उघडं, मोठ्या आवाजात: दहातून आठ. दार लोटलेलं: तीन. गॅसवर कुकर: शिट्टी होत होती तेव्हा शून्य. आणि स्पीकर! पहिला कॉल लागला आणि तांदळाच्या डब्यावरून मुंगीएवढ्या आवाजात मुलगा "आई... आई... अगं बोल ना" करत राहिला. मी ओरडतेय, त्याला ऐकू जात नाही, मला त्याचं धड ऐकू येत नाही. वहिनींना हसू आवरेना. आता "स्पीकरवर" असं शेवटी म्हणते. माझ्या फोनला ते कळतं.

इथवर मी खूश. पण एक कोडं सुटत नव्हतं. त्या दिवशी चार हाका वाया का गेल्या? दार तर उघडं होतं, कुकर नव्हता.

रात्री निजताना कोडं सुटलं. कवळी!

सकाळी सव्वासहाला माझी कवळी वाटीत पाण्यात असते. चहा झाल्यावर लावते. नातवाने फोनला माझा आवाज शिकवला तो दुपारी, कवळीसकट. वहिनींसमोर परीक्षा दिली तीही कवळीसकट, कारण त्यांच्यासमोर मी काढत नाही. म्हणजे पडले तेव्हा फोनच्या लेखी मी कुणी दुसरीच बाई होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारं लावून घेऊन एकटीने फेरपरीक्षा. कवळीशिवाय "चिरंजीवला कॉल कर." दहातून एक. एकदा तर त्याने मला हिरव्या मिरचीबद्दल माहिती दिली. मग डोक्यात प्रकाश पडला. अहो, मी आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलं ते काय होतं? कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. दात गेले की दंत्य गेले. त, थ, द, ध, न, स, यांची भरडच होते. तालव्यही घसरतात, च आणि ज यांची नुसती हवा निघते. शाबूत राहतात ते कंठ्य आणि ओष्ठ्य, क-ख-ग आणि प-फ-ब-म. त्यांना दात लागत नाहीत, घसा आणि ओठ पुरतात. "चिरंजीव" हे माझ्यासाठी जगातलं सगळ्यात वाईट नाव. "वहिनी"ही नापास. माझ्या हिशेबाने "११२" म्हणताना "एकशे"तला श घसरणार, पण रात्रपाळीवाल्या डॉक्टरांची आज्ञा आहे म्हणून लावून पाहिलं नाही. त्यासाठी पॉवरचं बटण.

म्हणून नावं वर्णमालेवरून पाडली. वहिनी झाल्या "काकू", निव्वळ कंठ्य. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण चालवून घेतात. आणि मुलगा झाला "बोका". एक ओष्ठ्य, एक कंठ्य. आवाजही पुन्हा शिकवला, या वेळी कवळी काढून. पहिल्यांदा "बोक्याला कॉल कर" म्हटलं तर मांजरांचे फोटो दाखवले. तिथे कळलं की प्रत्यय लागून नावाचं रूप बदललं की ते त्याला यादीत सापडत नाही. "कॉल बोका, स्पीकरवर." दहातून आठ! व्याकरण सोडावं लागलं, त्याला इलाज नाही. दुपारी कवळी लावून पाहिलं, तर सात.

कडीचं म्हणाल तर डॉक्टर, अडणा माळ्यावर टाकला. पुढच्या दाराला लॅच बसवलं, एक किल्ली वहिनींकडे, एक दूधवाल्याकडे. मुलाला दूधवाल्याचं पसंत नाही. मी म्हटलं, भिंतीवरून तू उडी टाकली होतीस का?

फोनला जुन्या खणाचा बटवा शिवून घेतलाय, गळ्यात असतो, शेजारी शिट्टी. बंबाकडे जाताना दोन्ही छातीवर आपटत असतात, गोठ्यातल्या म्हशीसारखं वाटतं. पायऱ्या वहिनींच्या मुलाने घासून दिल्या.

पांढरी काठी

बाई, साष्टांग नमस्कार. पंधरा वर्षं फोनशी बोलतोय, पण वर्णमालेकडे कधी असं पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांचीही कवळी आहे. त्यांच्या फोनमध्ये माझं नाव "सचिन" करून दिलंय मीच. आज बदलतो. काय करू? "बाबू"?

फळा-खडू

"बाबू" उत्तम, दोन्ही ओष्ठ्य. पण आधी त्यांच्या यादीत "बाबूराव" कुणी नाही ना, ते बघा.

रात्रपाळी

दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना आता विचारायला लागेन, झोपताना दात कुठे ठेवता म्हणून. प्लास्टर कधी निघतंय?

फळा-खडू

अजून चार आठवडे. रविवारी मुलगा येतोय. फोनमध्ये त्याचं काय नाव आहे ते त्याला अजून माहीत नाही. बँकेत मॅनेजर आहे हो तो, पन्नाशीला टेकलाय. बटव्याला गाठ मारून ठेवलीय.